वाटून घेतलेले पाणी : बाली बेटाची ओळख

देशोदेशींच्या लोकजीवनाचा परिचय करून देणाऱ्या ह्या सदरात ह्या वेळी आपण इंडोनेशियातील बाली बेटाकडे वळणार आहोत. बालीचे नाव आता आपल्याकडील अनेक घरांत परिचयाचे झाले आहे. 2024 साली त्या बेटावर सुमारे 63 लाख परदेशी प्रवासी उतरले आणि त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल संख्या आपल्या भारतीयांची होती. नवविवाहित जोडपी तेथे जातात, मुलाबाळांसह कुटुंबे जातात, निवृत्त झालेली मंडळीही जातात. परत येताना बहुतेकांच्या संग्रहात तीच तीन-चार छायाचित्रे असतात: समुद्रावर होणारा सूर्यास्त, तळ्यात प्रतिबिंबित झालेले देऊळ, नृत्यातील एखादी रेखीव मुद्रा आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली हिरवीगार भातशेती.

ह्यांतील शेवटच्या चित्राकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो. ती भातशेती निसर्गाने आयती दिलेली नाही. उंचावरच्या आणि सखल भागातल्या शेतकऱ्यांनी एकच पाणी वाटून घेण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली, तिच्यातून ती उभी राहिली आहे. ही रीत समजली म्हणजे बालीची देवळे, सणवार, घरांची मांडणी आणि दारोदारचे नैवेद्य ह्यांचाही अर्थ हळूहळू उलगडू लागतो. आणि आज त्या वाटणीत प्रवाशाचाही वाटा असल्यामुळे, पाहुणा म्हणून आपण कसे वागावे, हेही तिच्यावरूनच ठरवता येते.

डोंगर, सरोवरे आणि समुद्र

बाली हे विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर वसलेले लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ जवळच्या लहान बेटांसह सुमारे 5,780 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढे भरते; वस्ती 2020 च्या जनगणनेनुसार सुमारे 43 लाख. बेटाच्या मध्यभागातून पूर्वपश्चिम ज्वालामुखी पर्वतांची रांग गेली आहे. त्यांतील गुनुंग आगुंग हा सर्वांत उंच, तीन हजार मीटरांहून अधिक. 1963 साली त्याचा भयंकर उद्रेक झाला आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 2017 साली तो पुन्हा जागा झाला, तेव्हा राखेमुळे विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला.

हेच पर्वत बेटाचे पोषणही करतात. त्यांच्या राखेने जमीन सकस केली आणि त्यांच्या जुन्या मुखांत पावसाचे पाणी साठून बातूर, ब्रातान, बुयान आणि तांबलिंगान ही चार सरोवरे तयार झाली. बातूर हे त्यांत सर्वांत मोठे. त्यातून वर दिसेल अशी एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. म्हणून बालीच्या माणसाच्या मनात पाण्याची वाट नेहमी डोंगराकडून समुद्राकडे जाणारी असते. त्याच्या दिशाही त्यावरूनच ठरल्या आहेत. ‘काजा’ म्हणजे डोंगराकडची बाजू आणि ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडची. दक्षिण बालीतील जुन्या घरवाड्यात आपण पाऊल टाकलेत, तर कुटुंबाचे देवघर ईशान्येच्या, म्हणजे डोंगर आणि सूर्योदय ह्यांच्या कोपऱ्यात आढळेल आणि स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूस. सारे घर जणू उतारावरच्या शेताप्रमाणे मांडलेले असते.

सुबक

बालीच्या नद्या खोल घळींतून वाहतात. शेत वर आणि पाणी खाली, अशी अडचण. म्हणून पूर्वजांनी नदीच्या वरच्या अंगास लहान बंधारे घातले आणि मऊ ज्वालामुखी खडकातून बोगदे खोदून पाणी पाटांनी शेतांच्या माथ्यावर आणले. हजार वर्षांपूर्वीच्या लेखांतही बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचे उल्लेख सापडतात. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नव्हते. बंधारा, बोगदा आणि पाट मिळून बांधावे लागत आणि मिळूनच राखावे लागत. त्यासाठी जी संस्था उदयास आली, तिचे नाव सुबक.

सुबक ही एकाच उगमाचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळी होय. तिच्या सीमा गावावरून ठरत नाहीत; पाण्यावरून ठरतात. वेगवेगळ्या गावांत राहणारे, पण एकाच पाटावर शेत असलेले लोक एका सुबकात येतात. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे बेटावर अशा सुमारे 1,200 मंडळ्या असून एकेका उगमाचे पाणी 50 ते 400 शेतकरी मिळून सांभाळतात. मंडळीचा प्रमुख ‘पेकासेह’ हा सभासदांनीच निवडलेला असतो. पाटाच्या फाट्यावर ‘तेमुकु’ नावाचा वाटप-ओंडका आडवा बसवलेला असतो. त्याला खाचा पाडलेल्या असतात आणि ज्याच्या वाट्याला जेवढे पाणी, तेवढी त्याची खाच रुंद. कोणी खाच रुंदावली किंवा कोणी पाटात दगड टाकला, तर ते सर्वांच्या डोळ्यांना दिसते. जाता जाता असा ओंडका दिसला, तर प्रवाशाने क्षणभर थांबावे. बालीचा सामाजिक करार तेथे लाकडात कोरून ठेवला आहे.

प्रत्येक सुबकाचे स्वतःचे देऊळ असते, अनेक सुबकांचे मिळून मोठे देऊळ असते, आणि त्या साऱ्यांच्या वर बातूर सरोवराची देवता देवी दानू हिचे मंदिर आहे. हे मंदिर पूर्वी पर्वतमुखाच्या आत, सरोवराकाठी होते. 1926 सालच्या उद्रेकात गाव आणि मंदिर लाव्हाखाली गडप झाले. तेव्हा लोकांनी वाचवता आले तेवढे घेऊन कड्यावर नवे मंदिर उभारले. आजही दूरदूरच्या सुबकांचे प्रतिनिधी तेथे धान्यफळांचे नैवेद्य घेऊन चढून येतात, पाण्याच्या तंट्यात आणि नव्या पाटांच्या बाबतीत तेथील पुजाऱ्यांचा सल्ला घेतात आणि मंतरलेले पाणी आपल्या शेतासाठी घेऊन जातात.

ही केवळ भाविकता, असे एखाद्या शहरी वाचकास वाटेल. तसे एकदा सरकारी तज्ज्ञांनाही वाटले होते.

एक धडा

1970 च्या दशकात इंडोनेशियात भाताचे उत्पादन वाढविण्याची मोठी मोहीम निघाली. हेतू चांगलाच होता. देशाला अन्न हवे होते. लवकर पिकणाऱ्या नव्या जाती आल्या, खते आणि कीटकनाशके आली. ज्याला शक्य असेल त्याने वर्षातून जितकी पिके घेता येतील तितकी घ्यावीत, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. देवळांची वेळापत्रके मागे पडली. काही वर्षे पीक वाढले. पुढे पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुडे, उंदीर आणि रोग ह्यांनी शेतेच्या शेते फस्त केली.

असे का झाले, हे स्टीफन लान्सिंग ह्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने शोधून काढले. जेम्स क्रेमर ह्या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्याने दोन नद्यांच्या खोऱ्यांतील सुबकांचे संगणकावर गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्यालाही सहज समजण्यासारखा आहे. सर्वांनी एकाच वेळी लावणी केली, तर पाण्याची मागणी एकदम येते आणि ते पुरत नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने लावणी केली, तर पाणी पुरते, पण किडीला बारा महिने कुठे ना कुठे हिरवे शेत मिळते. दोहोंच्या मधली वाट अशी की, ठराविक विस्ताराच्या टापूने एकदम लावणी करावी आणि एकदम शेते पडीक ठेवावीत, म्हणजे कीड उपाशी मरते. आणि शेजारच्या टापूची पाळी थोडी मागेपुढे ठेवावी, म्हणजे पाणी पुरते. देवळांचे वेळापत्रक नेमके हेच साधत होते.

ह्यात एक मर्म आहे. वरच्या शेतकऱ्याच्या हाती पाणी असते. त्याने ते खालच्याला का सोडावे? कारण खालच्याला वेळेवर पाणी मिळाले नाही, तर त्याची लावणी उशिरा होते, आणि त्याच्या शेतात वाढलेली कीड वरच्याच्या उभ्या पिकावर चढते. शेजाऱ्याचे हित सांभाळण्यात प्रत्येकाचे स्वतःचे हित गुंतलेले आहे. धर्माने ही गोष्ट देवीच्या नावाने सांगितली आणि गणिताने आकड्यांत. पुढे अधिकाऱ्यांनीही पाणीमंदिरांचे महत्त्व मान्य केले. 2012 साली युनेस्कोने सुबकांचा सुमारे 19,500 हेक्टरांचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला. जातिलुविह येथील प्रसिद्ध पायऱ्यांची शेती, मेंगवी येथील अठराव्या शतकातील तामान आयून मंदिर, पाकेरिसान नदीचे खोरे आणि बातूर सरोवर त्यातच येतात.

ओळखीचे शब्द, निराळे घर

भारतीय प्रवाशाला बालीत पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. पवित्र पाण्याला ते ‘तिर्ता’ म्हणतात, म्हणजे आपले तीर्थ. त्यांच्या धर्माला ‘आगम तिर्ता’, तीर्थाचा धर्म, असेही एक नाव आहे. भाताची देवता ‘देवी श्री’. पूर्वी उंच वाढणाऱ्या देशी भाताची कापणी करताना बायका तळहातात लपेल एवढेसे पाते वापरीत. श्रीला मोठ्या विळ्याचे भय वाटू नये, असा त्यामागील भाव. मंदिरात पूजेनंतर पुजारी डोक्यावर तीर्थ शिंपडतो, ओंजळीत तीर्थ देतो आणि भक्त भिजवलेल्या तांदळाचे दाणे कपाळी लावतात. आपल्या अक्षतांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आभार मानताना बालीचा माणूस ‘सुक्स्मा’ म्हणतो, त्याचे मूळ आपल्या ‘सूक्ष्म’ शब्दात आहे.

हा संबंध जुना आहे. उत्तर बालीच्या किनाऱ्यावरील उत्खननांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भारतीय बनावटीची भांडी मिळाली आहेत. ओडिशात कटक येथे कार्तिकी पौर्णिमेला भरणारी बाली जत्रा त्या समुद्रवाटांची स्मृती आजही जपते. 1927 साली रवींद्रनाथ ठाकूर भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी ह्यांच्यासह तेथे गेले होते. 1950 साली पंडित नेहरूंनीही बालीला भेट दिली.

तथापि एक सावधगिरी बाळगावी. ‘हे सारे आपलेच’ असे म्हणत फिरणाऱ्याला बाली दिसत नाही. त्याला आरशातील आपलेच रूप दिसते. शब्द समुद्र ओलांडून गेले, पण त्यांचे घर तेथल्या लोकांनी स्वतः बांधले. आपल्या शास्त्रांत दानाच्या संदर्भात येणारे देश, काल आणि पात्र हे तीन शब्द बालीत ‘देसा, काला, पात्रा’ होऊन नांदतात; आणि कोणतीही रीत स्थळ, वेळ आणि परिस्थिती पाहून पाळावी, एका गावची चाल दुसऱ्यावर लादू नये, असा त्यांचा तेथे व्यवहारातला अर्थ आहे. ‘त्रि हित कारण’ हे हिताच्या तीन कारणांचे सूत्र, म्हणजे देव, माणसे आणि भूमी ह्यांच्याशी सलोखा, संस्कृत शब्दांत असले तरी ह्या रूपात ते 1960 च्या दशकात बालीतच रूढ झाले. प्राचीन वाटणारा ‘केचाक’ नाचही असाच. शेकडो पुरुष वर्तुळात बसून ‘चाक-चाक’ असा घोष करतात आणि मध्ये रामायणाचे कथानक चालते. जुन्या संचारविधीतील घोषाला रामकथेची जोड देऊन हे रूप 1930 च्या दशकात घडले. त्यात वॉल्टर श्पीस ह्या तेथे राहणाऱ्या जर्मन चित्रकाराचाही हात होता. परंपरा जिवंत असते तेव्हा ती नव्याला आपल्यात सामावून घेते.

काळाचे दोन पंचांग

बालीत दोन पंचांगे एकदम चालतात. एक 210 दिवसांचे. त्यावरून गलुंगान हा पितरांच्या आगमनाचा सण येतो आणि दारोदारी वाकलेले, सजवलेले बांबू उभारले जातात. त्याच पंचांगाच्या अखेरच्या दिवशी सरस्वतीची पूजा होते. त्या दिवशी पोथ्यापुस्तके वाचावयाची नाहीत, त्यांची पूजा करावयाची. आपल्या दसऱ्याच्या पाटीपूजनाची आठवण मुलांना करून देण्यास हा प्रसंग फार चांगला.

दुसरे पंचांग शकाचे. आपल्या शालिवाहन शकाचाच आकडा बालीतही चालतो. दोन्हीकडील महिन्यांचा मेळ सदैव जमतो असे नाही. पण 2023 साली 22 मार्च रोजी आपल्याकडे गुढ्या उभारल्या गेल्या, त्याच दिवशी बालीतही शके 1945 चा प्रारंभ झाला. मात्र साजरे करण्याची तऱ्हा अगदी निराळी. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या राक्षसांच्या अवाढव्य मूर्ती वाजतगाजत मिरवतात, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी सारे बेट मौन धरते. हा ‘न्येपी’. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्ते ओस, दिवे मंद, विमानतळ बंद. 2018 पासून मोबाइलवरील इंटरनेटही त्या दिवशी थांबवण्यात येऊ लागले. केवळ आजारी माणसे आणि प्रसूतीच्या स्त्रिया ह्यांना सवलत असते. प्रवाशालाही निवासाबाहेर पडता येत नाही. काहीजण त्या दिवसापूर्वीच बेट सोडतात. शक्य असल्यास आपण राहावे. एवढ्या मोठ्या लोकवस्तीने आपखुशीने अंधार स्वीकारल्यावर आकाश किती भरलेले दिसते, हे शहरातील मुलांना दाखविण्याची अशी संधी अन्यत्र मिळणे कठीण.

वनचरांची सीमा

निसर्गप्रेमी वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1856 साली आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी अरुंद. पण पलीकडे पक्षी बदललेले. बालीत आशियातील पक्षी, तर लोंबोकमध्ये ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे. हिमयुगात समुद्र खाली गेला असता बाली जावामार्गे आशियाच्या भूमीशी जोडले गेले होते. लोंबोकची सामुद्रधुनी खोल असल्याने तेव्हाही पाण्याखालीच राहिली. ह्या सीमेला आज वॉलेस रेषा म्हणतात. सीमेवरच्या बालीत वाघही होता. 1930 च्या दशकानंतर तो उरला नाही. पांढराशुभ्र, डोळ्यांभोवती निळे कडे असलेला बालीचा साळुंकीच्या जातीचा पक्षी, जालाक बाली, 1912 साली शास्त्राला ज्ञात झाला. पिंजऱ्याच्या हौसेपायी तोही नाहीसा होण्याच्या बेतात आला आणि आता पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानात त्याला मोठ्या कष्टाने जपले जात आहे.

प्रवाशाचा वाटा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सरोवरे चारच आहेत आणि पाऊस वाढत नाही. परंतु पाण्याचे वाटेकरी वाढले आहेत. पूर्वी पाणी शेत आणि गाव ह्यांत वाटले जाई. आता हॉटेले, पोहण्याचे तलाव आणि भाड्याचे बंगले त्यात आले आहेत. ह्या नव्या वाटेकऱ्याची खाच कोणत्याही तेमुकुवर कोरलेली नाही. तो विंधनविहिरीने खालून पाणी ओढतो आणि सुबकाच्या सभेला बसत नाही. दक्षिणेकडे भूजल खाली जात आहे आणि किनाऱ्याजवळ त्यात खारे पाणी शिरू लागले आहे. दरवर्षी काही शेते बांधकामाखाली जातात. शेजारी बंगले उभे राहिले की जमिनीचा भाव चढतो, भावामागून करही चढतो आणि शेतकऱ्याला जमीन विकणेच सोयीचे वाटू लागते. मध्येच एक शेत गेले की पाट तुटतो आणि त्याखालची शेतेही कोरडी पडतात. सप्टेंबर 2025 मधील पुरात दक्षिण बालीत दहाहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पावसाच्या जोडीला नदीकाठची बांधकामे, बुजलेली शेते आणि कचरा ह्यांचीही चर्चा तेथे झाली.

म्हणून कोणी बालीला जाऊच नये, असे मात्र नाही. प्रवाशांच्या पैशावर तेथे लाखो संसार चालतात. महामारीच्या काळात, 2021 साली, परदेशी पाहुण्यांची संख्या शंभराच्या आत आली होती. तेव्हा हॉटेलांत काम करणारी किती तरी तरुण मुले गावी परतून शेतात उतरली. शेती उरली होती, म्हणून त्यांना परतण्यास जागा होती. प्रवास आणि शेती ह्या दोहोंनाही पुरेल अशी वाटणी व्हावी, हाच खरा प्रश्न आहे. ती करणे तेथील लोकांचे आणि सरकारचे काम असले, तरी पाहुण्याच्या हातीही थोडे काही असते.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

एप्रिल ते ऑक्टोबर हे कोरडे महिने हिंडण्यास सोयीचे. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी प्रवाशांवर 1,50,000 रुपिया इतका कर बसवण्यात आला. तो संस्कृती आणि निसर्ग ह्यांच्या जतनासाठी आहे, हे लक्षात ठेवून तो आनंदाने भरावा. राहण्यासाठी शक्य तो गावातील कुटुंबाने चालवलेले घर निवडावे. खाजगी पोहण्याचा तलाव नसला तर काही अडत नाही. समुद्र जवळच आहे. टॉवेल रोज धुवावयास देऊ नये, आंघोळ आटोपशीर करावी. आपल्याकडे दुष्काळी भागात जी काटकसर घरातली आजी शिकवते, तीच येथे उपयोगी पडते. 2019 पासून बालीत एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि नळ्या ह्यांना बंदी आहे. घरून कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली न्यावी.

जातिलुविहसारख्या ठिकाणी बांधावरून एकामागून एक चालावे. बांध फुटला तर पाणी जाते. छायाचित्रासाठी उभ्या पिकात उतरू नये. तेथला तांबडा तांदूळ शेतकऱ्याकडून विकत घ्यावा. कापणीनंतर शेतात बदकांचे थवे सोडलेले दिसतील. ती सांडलेले दाणे आणि किडे वेचीत असतात. मुलांना हे दृश्य फार आवडते; त्यामागचे कारणही त्यांना सांगावे.

तांपाकसिरिंग येथे तिर्ता एंपुल हे दहाव्या शतकापासूनचे तीर्थक्षेत्र आहे. झऱ्याचे पाणी दगडी मुखांतून कुंडात पडते, लोक त्याखाली स्नान करतात, आणि तेच पाणी पुढे खालच्या सुबकांच्या भातशेतीत जाते. पूजा आणि शेती ह्यांचे नाते ह्याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. तेथे कमरेला वस्त्र आणि पट्टा बांधूनच जावे. स्नान करावयाचे असल्यास प्रथम इतरांचे पाहावे, कारण काही धारा मृतांच्या विधींसाठी राखून ठेवलेल्या असतात. जवळच गुनुंग कावी येथे अकराव्या शतकात कड्यात कोरलेली दहा स्मारके आहेत. वेरूळ पाहिलेल्या वाचकांनी ती चुकवू नयेत. देवळात प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नये आणि पुजाऱ्याहून उंच जागी उभे राहू नये.

रस्त्यावर, दुकानाच्या उंबऱ्यावर, मोटारीच्या पुढल्या भागावर माडाच्या पानाचे लहान चौकोनी द्रोण दिसतील. ते ‘चनांग सारी’ नावाचे रोजचे नैवेद्य. आत विड्याचे पान, सुपारी आणि चुना असतो. वर पांढरी, तांबडी, पिवळी आणि निळी वा हिरवी फुले आपापल्या दिशांना मांडलेली असतात. घरातील बायका ते पहाटेपासून विणतात. उदबत्ती जळत असेल तर त्यावरून ओलांडून जाऊ नये. चुकून पाय लागला तर आपल्याप्रमाणेच हात जोडावेत. तेथील माणूस समजून घेतो.

आपल्या घराकडे पाहताना

वाचकहो, दूरचा देश पाहण्याचे एक फळ असे की, आपल्या घरातील विसरलेली वस्तू त्यामुळे आठवते. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आरम ह्या नद्यांच्या काठी फड पद्धती कित्येक शतके चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे, पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सर्वांनाच सारखी बसे. बालीच्या सुबकाचे हे दूरचे भावंडच नव्हे काय? त्यांतील काही ठिकाणी ही पद्धत मोडकळीस आली आहे, तर काही ठिकाणी अद्याप जीव धरून आहे. बालीचे तिकीट काढण्यापूर्वी किंवा तेथून परतल्यावर, एखाद्या सुटीत मुलांना घेऊन तेथेही जाऊन यावे.

देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या गावीही पाणी वाटून घेण्याची एखादी जुनी रीत असेल: कोठे तळ्याची, कोठे पाटाची, कोठे विहिरीच्या पाळीची. ती कशी चालते, तिचे नियम कोण सांभाळतो आणि तंटा झाला तर तो कसा मिटतो, हे थोडक्यात लिहून पाठवावे. आलेल्या पत्रांतील निवडक मजकूर ह्याच सदरातून आपल्या भेटीस येईल.